बाहुलीला सुई टोचू द्या

मुलाला कॅन्सर आहे हे कळलं की घरातल्या ज्या गोष्टी सगळ्यांत आधी थांबतात, त्यांत खेळ असतो. सायकल भिंतीला टेकून राहते. शेजारची मुलं दारापर्यंत येतात आणि "तो आजारी आहे रे, आता नका येऊ" हे ऐकून परत जातात. तुमचं बोलणं रक्ताचा काउंट, सलाईन, ब्लड बँक, योजनेची कागदपत्रं आणि गाडीचं तिकीट यांच्याभोवती फिरायला लागतं. अशा वेळी कुणी येऊन "मुलाशी खेळता का?" असं विचारलं, तर राग येणं साहजिक आहे. तरी तेच विचारायला आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

"आधी बरा होऊ दे, मग काय खेळायचं ते खेळेल." वॉर्डाबाहेरच्या बाकावर हे वाक्य सतत कानावर येतं. त्यातली माया कळते, पण हिशेब चुकतो. मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा कॅन्सर रक्ताचा, आणि त्यातला जो प्रकार मुलांना बहुतेक करून होतो, ज्याला डॉक्टर एएलएल म्हणतात, त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. चार वर्षांच्या मुलीसाठी दोन वर्षं म्हणजे तिच्या आजवरच्या आयुष्याचा निम्मा काळ. चालणं, बोलणं, भीती ओळखणं, दुसऱ्याचं मन कळणं, हे सगळं ती ज्या खेळातून शिकते आहे तो खेळ एवढा काळ बाजूला ठेवता येत नाही. शरीर आजारी असतानाही मूल वाढतच असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे गैरसमज नको. खेळाने कॅन्सरच्या पेशी मरत नाहीत. त्या मरतात केमोने, शस्त्रक्रियेने, रेडिएशनने. खेळोपचाराच्या नावाखाली कुणी औषधं सोडायला सांगत असेल, तर त्या दारातून मागे फिरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या बऱ्याच देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. या दरीची जी कारणं आहेत, त्यांत उशिरा निदान होणं आहे, औषधं न मिळणं आहे, आणि उपचार अर्ध्यावर सुटणं हेही आहे. उपचार पूर्ण होणं हे तुमच्या मुलासाठी सर्वांत मोठं काम. खेळ त्या कामाच्या सोबतीला असतो. ज्या मुलाला रोज काय होतंय ते थोडंफार उमगलेलं असतं, त्याला पुढच्या वेळी त्याच दारातून आत जाणं जरा कमी जड जातं.

आता मुद्द्याला येते. खेळ म्हणजे मुलाचं मन दुसरीकडे वळवणं, असं आपण धरून चालतो. म्हणून नवी खेळणी येतात, मामा रिमोटची गाडी आणतो, आणि बाकी वेळ हातात मोबाईल असतो. सुई टोचायच्या त्या दोन मिनिटांत मोबाईलवरचं गाणं उपयोगी पडतं, ते जरूर लावा. पण दिवसभर पडद्याकडे बघणारं मूल शांत दिसत असलं, तरी त्याच्या पोटातली भीती जिथल्या तिथे असते. तिला बाहेर यायला जागा लागते, आणि लहान मुलाला ही जागा शब्दांत सापडत नाही. ती खेळात सापडते.

तुमच्या मुलाने कधी बाहुलीला किंवा अस्वलाला उताणं पाडून त्याला धरून ठेवलं आहे का? पेनाचं टोक त्याच्या पाठीत खुपसलं आहे का? "गप, रडायचं नाही!" असं त्याच्यावर ओरडलं आहे का? असं दिसलं की आईच्या काळजात चर्र होतं. ती म्हणते, "असं नको करू रे, बिचाऱ्याला लागेल. चल, आपण चित्र काढू." माझी विनवणी आहे, तो खेळ थांबवू नका.

जरा त्याच्या जागेवरून बघा. महिनोन् महिने त्याच्या शरीराशी जे काही घडतं, ते दुसऱ्यांच्या मर्जीने घडतं. कधी उठायचं, कधी उपाशी राहायचं, कुठल्या हाताची शीर शोधायची, कपडे कधी काढायचे, पाठीतलं इंजेक्शन देताना पाय पोटाशी घेऊन कसं निपचित पडायचं. त्याला एकाही बाबतीत "नाही" म्हणता येत नाही. खेळात मात्र तो डॉक्टर असतो. सुई त्याच्या हातात असते, कधी टोचायची ते तो ठरवतो आणि कधी थांबायचं तेही. जे त्याच्यावर आदळलं ते तो आपल्या हातांनी पुन्हा पुन्हा करून बघतो, आणि करता करता त्याची धास्ती ओसरू लागते. बाहुलीला तो छळत नसतो. स्वतःला समजावत असतो.

हे काही माझ्या मनचं नाही. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली खेळोपचारावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं, की खेळात मूल पुढे चालेल आणि मोठ्याने मागून जायचं. सुचवायचं नाही, सुधारायचं नाही, घाई करायची नाही. १९५५ साली एमा प्लँक यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षण यांचा वेगळा विभाग उभा केला. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या. त्याच माँटेसरी विचाराला आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या मातीतलं रूप दिलं. म्हणजे मुलाच्या खेळाकडे गंभीरपणे बघण्याची शिकवण आपल्याला परकी नाही. आपण तिला बालवाडीच्या दारातच सोडून आलो, दवाखान्यात सोबत नेलं नाही, एवढंच.

घरी किंवा धर्मशाळेच्या खोलीत हे कसं करायचं, ते सांगते. जुन्या, स्वच्छ सुती कापडाची एक साधी बाहुली शिवा. चेहरा कोरा ठेवा, तो मुलाला काढू द्या. हसरा की रडका, हे त्याने ठरवायचं. डोक्याला लोकर अशी लावा की काढता येईल. केस गळायला लागतील तेव्हा बाहुलीचेही गळू शकतील, आणि पुढे परतही येतील. मुलाला पोर्ट बसवला असेल तर बाहुलीच्या छातीत कापडाखाली एक बटण शिवा. पिक लाईन असेल तर दंडाला बारीक नळी बांधा. वॉर्डातल्या सिस्टरकडे कोरी, न वापरलेली, सुई नसलेली सिरिंज मागा. बहुतेक जणी आनंदाने देतात. औषधासाठी वापरलेली सिरिंज किंवा सलाईनची नळी खेळायला कधीही घेऊ नका, तिच्यात केमोचा अंश राहिलेला असू शकतो. थोडा कापूस, चिकटपट्टी, एक मास्क. एवढं सामान पुरे.

मग खाली चटईवर बसा आणि मुलाला सुरुवात करू द्या. तो तुम्हाला पेशंट करील. व्हा. हात मागे घ्या, "मला नको इंजेक्शन, मला घरी जायचंय" असं म्हणा. तो काय उत्तर देतो ते ऐका. कुणी "थोडंसंच दुखेल, मी हळू देतो" म्हणतं. कुणी दरडावतं. कुणी म्हणतं, "तू आईचं ऐकलं नाहीस ना, म्हणून तुला आजार झाला." हे वाक्य कानी पडलं तर दचकू नका, पण सोडूनही देऊ नका. तीन ते सहा-सात वर्षांच्या मुलांना आपल्या वागण्यामुळेच वाईट घडलं असं मनापासून वाटत असतं. धाकट्याला ढकललं, दूध सांडलं, खोटं बोललो, म्हणून ही शिक्षा. विचारल्यावर मूल हे कधी सांगणार नाही. बाहुलीला सांगेल. मग तुम्हीही बाहुलीलाच उत्तर द्या: "नाही हं, कुणाच्या खोडीमुळे हा आजार होत नाही. तू काहीच केलं नाहीस. तुझ्या रक्तातल्या काही पेशी नीट काम करत नव्हत्या, म्हणून औषध देतोय." हे एकदा सांगून भागत नाही. पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

इथे एक कळकळीची गोष्ट. "जेवला नाहीस तर सिस्टरला सांगून सुई टोचायला लावीन," हे वाक्य आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. कॅन्सरच्या मुलासमोर ते कृपा करून उच्चारू नका, आजीआजोबांनाही समजावून सांगा. सुई ही त्याला वाचवणारी गोष्ट आहे. ती शिक्षा ठरली तर तो आधार नाहीसा होतो. तसंच "काही टोचणार नाहीत, नुसतं बघणार आहेत" असं सांगून त्याला आत नेऊ नका. एकदा फसवलं की त्या दिवसापुरतं काम होतं, पण पुढच्या प्रत्येक वेळी तो तुमच्या शब्दावर शंका घेतो. "टोचेल. थोडं दुखेल. मी तुझा हात धरून बसेन, आणि झालं की लगेच सांगेन." यातलं प्रत्येक वाक्य पाळता येण्यासारखं आहे. "शूर मुलं रडत नाहीत" हेही नको. रडत रडत हात पुढे करणारं मूल शूरच असतं.

लपवण्याविषयीही बोलायला हवं. "त्याला काही माहीत नाही, त्याच्यासमोर नाव काढू नका," असं अनेक पालक डॉक्टरांना आधीच सांगून ठेवतात. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई १९७० च्या दशकात रक्ताचा कॅन्सर असलेल्या लहान मुलांच्या वॉर्डात राहून त्यांचं बोलणं, खेळणं, चित्रं बघत होत्या. १९७८ साली त्यांचं पुस्तक आलं. त्या काळी या आजारातून आजच्यापेक्षा कितीतरी कमी मुलं वाचत. ब्लूबाँड-लँगनर यांना दिसलं ते असं: कुणीही न सांगता तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना आपला आजार किती गंभीर आहे हे ठाऊक होतं, आणि आईबाबांना वाईट वाटू नये म्हणून ती मुलं ठाऊक नसल्याचं सोंग करत होती. मोठी माणसं मुलांसाठी सोंग करत होती आणि मुलं मोठ्यांसाठी. आज या आजाराचं चित्र कितीतरी आशेचं आहे, पण सोंगाची सवय गेलेली नाही. मूल आपल्याला सांभाळत राहिलं, तर त्याला कोण सांभाळणार? सगळं एका दमात सांगा असं मी म्हणत नाही. खेळता खेळता तो विचारेल, तेवढंच, त्याच्या वयाच्या भाषेत, खरं सांगा.

काही खेळ सरळ उपचाराच्या तयारीचे असतात. सुई टोचताना साबणाचे फुगे उडवले किंवा कागदाचं भिरभिरं फुंकलं, की श्वास लांब सुटतो, अंग सैल पडतं आणि दुखणं थोडं कमी जाणवतं. हाताच्या शिरेतून रक्त घेण्याआधी लावायचं सुन्न करणारं मलम मिळतं, ते चालेल का हे डॉक्टरांना विचारा. लावल्यावर बराच वेळ थांबावं लागतं, त्या वेळात खेळ मांडता येतो. आणि स्टॅच्यू! आपण सगळे लहानपणी खेळलेला हा खेळ रेडिएशनच्या मुलांच्या फार कामाचा आहे. तिथे मुलाला मोठ्या यंत्राखाली, बंद दाराआड, काही मिनिटं एकट्याने अजिबात न हलता पडून राहायचं असतं. लहान मुलांना त्यासाठी बऱ्याचदा भूल द्यावी लागते, तीही रोज, आणि भुलीसाठी रोज उपाशी राहावं लागतं. घरी स्टॅच्यूचा सराव केला, आधी दहापर्यंत मोजून, मग वीसपर्यंत, मग एक अख्खं गाणं संपेपर्यंत, तर थोडी मोठी मुलं भुलीविनाही पडून राहायला शिकतात. मेंदूच्या गाठीसाठी चेहऱ्यावर जाळीचा कडक मुखवटा बसवतात. तो आधी हातात घेऊन बघायला मिळेल का, त्याच्यावर वाघ किंवा आवडता सुपरहिरो रंगवता येईल का, हे विचारायला लाजू नका.

निवड देता येईल तिथे द्या, पण खरी द्या. "इंजेक्शन घ्यायचं का?" असं विचारू नका, कारण "नको" हे उत्तर तुम्हाला मानता येणार नाही. "माझ्या मांडीवर बसून घ्यायचं की पलंगावर?" हे विचारा.

स्टिरॉइडच्या दिवसांत मूल भुकेने कासावीस होतं, रात्री जागतं, उगाच चिडतं, हातातलं फेकतं. ते औषध बोलत असतं. त्या रागालाही खेळात वाट द्या: जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून बादलीत फेकायचे, उशीला बुक्क्या मारायच्या, कणकेचा गोळा मळून, आपटून, शेवटी टाकून द्यायचा. राग चालेल, आईला मारणं चालणार नाही, ही रेघ मात्र ठाम ठेवा. आजारी आहे म्हणून सगळे नियम सुटले की मूल आणखी घाबरतं. त्याला वाटतं, माझं काहीतरी फारच वाईट झालेलं दिसतंय.

काउंट उतरलेला असताना काय खेळावं हा तुमचा नेहमीचा प्रश्न. पांढऱ्या पेशी कमी असताना माती, वाळू आणि कुंडीतली झाडं नकोत. खेळणी धुता-पुसता येणारी हवीत, आणि कापडी बाहुली गरम पाण्यात वरचेवर धुवायची. फुंकायची वस्तू प्रत्येकाची वेगळी. प्लेटलेट कमी असताना पडण्या-आपटण्याचे खेळ आणि धारदार कात्री नको. खेळाआधी सगळ्यांनी हात धुवायचे. सर्दी-खोकला असलेल्याने त्या दिवशी फोनवरून खेळायचं. एवढं सांभाळलं की सापशिडी, पत्ते, भातुकली, राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या, सावल्यांचे प्राणी, सगळं पलंगावर मांडता येतं. ताप आला तर मात्र खेळ बंद आणि थेट हॉस्पिटल. या मुलांच्या तापाला सकाळपर्यंत थांबायची मुभा नसते.

घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नका. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा त्याच्याच खारघरच्या केंद्रात उपचारासाठी आलेल्या कितीतरी आया मोठ्या मुलीला गावी आजीकडे ठेवून येतात, वडील कामासाठी मागे थांबतात, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा सेंट ज्यूडसारख्या संस्थेच्या निवासात आई आणि आजारी मूल महिनोन् महिने राहतात. गावी असलेल्या बहिणीला वाटतं, आईचं माझ्यावर प्रेम नाही. किंवा, मी त्याला चिडवलं म्हणून तो आजारी पडला. कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे तिला आणि तिच्या मैत्रिणींनाही सांगावं लागतं. रोज ठरल्या वेळी व्हिडिओ कॉलवर सापशिडीचा एक डाव मांडा: पट इथे, फासे तिथे. बाबांनीही त्यात असायचं. "काउंट किती आला?" या प्रश्नाशिवाय बाबांशी बोलायला मिळणं ही मुलासाठी फार मोठी गोष्ट असते.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलापुढे बाहुली ठेवली तर त्याचा अपमान होईल. त्याच्याशी कॅरम खेळा, त्याला क्रिकेटच्या संघाची निवड करू द्या, वही द्या आणि ती उघडून बघू नका. दार लावून मित्राशी बोलायची मोकळीक द्या. त्याच्या वयाचा खेळ तोच आहे.

आणि कधी कधी, सगळं करूनही, औषधं पुरी पडत नाहीत. तेव्हाही खेळ काढून घेऊ नका. उठवत नसेल तर तो सांगेल आणि तुम्ही मांडाल. बाहुली मरते असा खेळ त्याने मांडला, तर खोली सोडून जाऊ नका. "मग काय झालं?" एवढंच विचारा आणि जवळ बसा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. "मला पण वाईट वाटतंय" हे ऐकण्याची ताकद मुलांत असते. अशा वेळी एकट्याने उभं राहू नका. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना कमी करून आधार देणारी माणसं याच कामासाठी तयार झालेली असतात, त्यांना बोलवा.

तुम्ही थेरपिस्ट नाही आणि व्हायचीही गरज नाही. दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटं, फोन बाजूला ठेवून, मूल नेईल तिकडे जाणं, एवढं तुमचं काम. काही खुणा दिसल्या तर मात्र जाणत्या माणसाला गाठा. तोच भीतीचा खेळ आठवडेच्या आठवडे तसाच, जराही न बदलता चालला असेल. मूल बोलायचंच थांबलं असेल. झोपेत किंचाळत असेल. सुई दिसण्याआधीच उलट्या होत असतील. आणि रोज खेळणाऱ्या मुलाने अचानक खेळ टाकला, तर त्याला लाड किंवा हट्ट समजू नका. अंग दुखत असेल, तोंड आलं असेल, रक्त कमी झालं असेल. "आज सकाळपासून खेळला नाही" हे वाक्य डॉक्टरांना सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे.

मुलांच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक असतात, समाजसेवा विभाग असतो, बऱ्याच ठिकाणी खेळखोली आणि तिथे येणारे स्वयंसेवकही असतात. गर्दीत, कागदपत्रांच्या धावपळीत त्यांच्याविषयी कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पुढच्या ओपीडीला जाल तेव्हा फाईलमध्ये प्रश्नांचा जो कागद असतो, त्यावर रिपोर्टच्या आणि औषधांच्या प्रश्नांखाली हेही लिहून न्या: इथे मुलांशी खेळणारं कोण आहे, ते कुठल्या मजल्यावर भेटतं, आणि माझ्या मुलाला आजच तिथे नेता येईल का?